बापाची ठेवण

डॉक्टरसाहेब, तुम्ही विवेकच्या छातीला तपासायची नळीसुद्धा लावली नाही. टेबलापलीकडूनच म्हणालात, "उपाशी पोरं कवायतीला येतात अन् पडतात. लिंबूपाणी पाजा."

पडला तो देवळी गावात, बुद्धविहारासमोर. कवायत शिकवणारे ताराचंदजी ओरडत होते, "कोपर सरळ कर बे! लेकरू घेतलं काय कडेवर?" पोरं हसली. विवेकही हसला, आणि हसता हसताच खाली गेला.

त्याचे कोपर सरळ होतच नाहीत. त्याच्या वडिलांचे, बापूरावांचेही होत नव्हते. "बापाची ठेवण आहे," असं त्याची आई विमलाबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. चाळिशीच्या आत बापूराव गिरडला जाणाऱ्या बसमध्ये बसल्याजागी वारले, तेव्हाही कोपरांकडे कोणी पाहिलं नाही.

तुमचं ऐकून बाहेर आल्यावर तिघं तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. विवेकची बहीण नंदिनी बीएस्सीला. वर्गात पाठ केलेलं तिला एकदम आठवलं आणि ती विवेकच्या कोपरांकडे पाहत राहिली.

"काय झालं वं?" विमलाबाईनं विचारलं.

"माय, पेशीत केंद्रक असते. त्याच्यात वंशाचं सारं साठून राह्यते. भोवती दुहेरी पापुद्रा, त्याले बारीक भोकं. आत काय जाईल, बाहेर काय येईल, तिथंच ठरते. अन् पापुद्र्याले आतून प्रथिनांची जाळी, बाजेच्या सुतळीसारखी. तिच्यावरच सारा आकार तोलून असते."

"मंग?"

"काही घरांत ती सुतळीच कच्ची निपजते. बापाकडून लेकराले येते. सदा ताण खाणारे स्नायू मंग पहिले बिघडतात. कोपर आखडते... अन् हृदय."

विमलाबाईनं लेकाचे वाकडे हात पदराखाली झाकले. कोणी पाहिलं की खरं होईल, अशा भीतीनं.

"तुले पक्कं मालूम आहे?"

"नाई. माहं चुकलं तर पेढे वाटीन, माय."

"काऊन रडून राह्यली वं ताई?" विवेक म्हणाला. "मेलो नाई अजून."

नंदिनीनं त्याचं मनगट धरलं. नाडी एक ठोका देई आणि थांबे. इतकी थांबे, की हिचाच श्वास अडके.

ती उठली. दार ढकलून आत आली. साहेब, तुम्ही मान वर केली नाही.

"आमचे बाबा असेच बसल्याजागी गेले. कोपर असेच होते. तुमची ईसीजीची मशीन त्या कोपऱ्यात झाकून पडली आहे. लावता का नाई? नाई म्हनत असान, तर काऊन नाई, ते माह्या मायसमोर सांगा!"