माझ्या केशरी मिशा

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे. बिळातला नव्हे, प्रयोगशाळेतला. मांजर मी अजून पाहिलेले नाही, तरी त्याला घाबरतो.

मी वयात येताच माझ्या पाठीवर मुद्दाम एक गाठ वाढवण्यात आली. एका जीवनसत्त्वाने अशा गाठीची वाढ मंदावते का, हे आमच्या मॅडमना पाहायचे होते. त्यांची अनेक वर्षांची मेहनत त्यात पणाला लागली होती. शेजारच्या पिंजऱ्यात जीवनसत्त्व घातलेले खाणे जाई, आमच्या पिंजऱ्यात साधे. शेजाऱ्याचे खाणे आपल्यापेक्षा बरे आहे, हे उंदराला शिकवावे लागत नाही. आम्ही तोंड फुगवून बसायचो.

पिंजरे साफ करणाऱ्या काकांना ते बघवले नाही. ते आपल्या डब्यातले गाजर आणत आणि इकडेतिकडे बघून आम्हाला तुकडे देत. आम्ही लगेच फडशा पाडत असू.

मॅडम नेमाने गाठी मोजत. शेजाऱ्यांच्या गाठी हळूहळू वाढत होत्या, पण आमच्याही तशाच. फरकच पडेना. जीवनसत्त्वात काही दम नाही, असे पुटपुटत मॅडमनी मला उचलले आणि त्या थबकल्या. माझ्या मिशा केशरी झाल्या होत्या.

काकांना बोलावणे गेले. ते मान खाली घालून म्हणाले, “यांनाच का साधं? मला बघवेना हो.”

मॅडम डोक्याला हात लावून बसल्या, मग हसू लागल्या. “काका, तेच जीवनसत्त्व तुमच्या गाजरात ठासून भरलंय.”

नवे उंदीर आणून प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी बाद ठरलो, म्हणून माझी गाठ काढून टाकली आणि मी वाचलो. माझा पिंजरा कोपऱ्यात गेला. काका आता डबा बाहेर ठेवून, हात खिशात घालून आत येत. या वेळी साधे खाणाऱ्यांच्या गाठी भराभर वाढल्या, जीवनसत्त्ववाल्यांच्या मंदावल्या. मॅडम आनंदाने नाचायच्या बाकी होत्या. माणसांच्या आजारापर्यंत अजून लांबचा पल्ला आहे, असेही त्या म्हणाल्या. मला आनंद झाला, आणि साधे खाणारे त्यात दगावले म्हणून रडूही आले.

मॅडमच्या टेबलावर जीवनसत्त्ववाल्यांचा फोटो आहे, साधे खाणाऱ्यांचा नाही. मित्रांनो, त्यांनाही विसरू नका. ते होते म्हणून फरक दिसला.

प्रयोग संपल्यापासून काका रोज माझ्यापुढे गाजर ठेवतात. त्या साधे खाणाऱ्यांच्या आठवणीने मी खाण्याआधी थोडा थांबतो. अगदी थोडाच. शेवटी उंदीर आहे मी.