न वाकण्याचं ऑपरेशन

लासिसीला कमरेच्या दुखण्यापेक्षा त्या दुखण्यानं केलेली बेइज्जती जास्त झोंबत होती. टायरच्या दुकानात स्टुलावर बसला की म्हातारा ठणठणीत. उठून चालायला लागला की मात्र गल्लीच्या मध्यावर दोन्ही पाय शिशाचे व्हायचे, पोटऱ्यांत मुंग्या यायच्या, आणि पुढं वाकून गुडघ्यांवर हात टेकल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नसे. बरं, हे वाकणं यावं कुठं? नेमकं बुसारीच्या ओट्यासमोर!

बुसारी म्हणजे त्याचा सावत्र भाऊ आणि जन्मापासूनचा वैरी. बापाच्या दोन बायकांनी एकाच रात्री दोघांना जन्म दिला. आधी कोण आलं यावरून त्या दोघी मरेपर्यंत भांडल्या. योरुबा घरात घटकाभर आधी आलेलाही थोरलाच. धाकट्यानं त्याच्यापुढं वाकून जमिनीला हात लावायचा आणि थोरल्यानं वरून आशीर्वाद द्यायचा. इबादान शहरातल्या त्यांच्या घराण्यानं बुसारीला थोरला धरलं आणि बाप गेल्यावर त्यालाच मोगाजी, म्हणजे कुळाचा प्रमुख, करून टाकलं. त्या दिवसापासून लासिसीनं त्याला नमस्कार म्हणून घातला नव्हता.

आणि आता रोज सकाळी हा तमाशा. लासिसी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतोय, आणि बुसारी आरामखुर्चीतून हात उंचावून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतोय, "ऊठ रे धाकल्या, ऊठ! पोचला तुझा नमस्कार! अल्ला तुला उदंड आयुष्य देवो!" समोर चुलीवर आमाला, म्हणजे कंदाच्या पिठाची उकड, घोटणाऱ्या बायका तोंडावर हात धरून हसायच्या. लासिसीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण सरळ होऊन शिवी हासडायची म्हटली तर पाय साथ देत नसत. दुकानाकडं जायची दुसरी वाट उताराची होती, आणि उतारावर ते आणखीच गळायचे.

शेवटी मुलीनं, सिदिकातनं, त्याला धरून इस्पितळात नेलं. डॉक्टर ओयेलादे ही तिच्याच वयाची बाई. म्हाताऱ्याला पाहून तिनं खुर्चीतून उठून रीतीप्रमाणे गुडघे टेकवले. लासिसीला तेवढं बरं वाटलं. पण मागोमाग दार उघडलं आणि अंगरख्याचा घोळ सावरत बुसारी आत आला.

"याला कुणी बोलावलं?" लासिसी कडाडला.

"मी," सिदिकात म्हणाली. "ऑपरेशनला रक्त लागेल, बाबा. मोगाजीच्या शब्दाशिवाय आपल्या घराण्यातला एक पोरगा तरी हात पुढं करतो का? थोरल्या काकांना..."

"थोरल्या? कुणी ठरवलं थोरल्या?"

"मरायला टेकलास तरी तेच टुमणं," असं म्हणत बुसारीनं सगळ्यांत चांगली खुर्ची ओढली. "बोला डॉक्टर. कुटुंबप्रमुख बसलाय."

डॉक्टरनं फोटो उजेडासमोर लावला. "मणक्यांच्या मधून नसांची वाट जाते ना, ती खालच्या बाजूला अरुंद झालीय. म्हणून उभं राहिलं की नसा चेमटतात आणि वाकलं की सुटतात. मार्ग तीन आहेत. पहिला, मागून थोडं हाड आणि जाड झालेला पडदा काढून वाट मोकळी करायची. दुसरा, वाट मोकळी करून शिवाय स्क्रू आणि सळया घालून दोन मणके एकत्र जोडून टाकायचे. तिसरा, दोन मणक्यांच्या मागे छोटी पाचर बसवायची. तिची चीर लहान, पण बऱ्याच जणांना पुन्हा टेबलावर यावं लागतं. तुम्हाला मी पहिला सांगेन."

"सळयांचा करा," लासिसी म्हणाला.

"का?"

"पाठ ताठ होते ना त्यानं? मग झालं. कायमची ताठ करा."

बुसारी खुर्चीतून पुढं सरकला. "अजिबात नाही! पहिलंच करा. पाठ कशी लवचिक राहिली पाहिजे. हा सळया कशाला मागतोय, मला कळत नाही होय? मला नमस्कार घालायला नको म्हणून! सगळ्यांपुढं मिरवेल, मी वाकलो असतो हो, पण डॉक्टरनं लोखंड घातलंय."

बुसारी बोलला ते अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच लासिसीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी पाठ, माझं लोखंड! तू कोण सांगणारा?"

"बाबा, ऐका," डॉक्टर मध्ये पडली. "मणके जागचे सरकत असले तर सळया लागतात. तुम्हाला पुढं-मागं वाकवून फोटो काढलेत. तुमचे मणके जागेवर आहेत. सळया घातल्या तर ऑपरेशन लांबेल, रक्त जास्त जाईल, बरं व्हायला महिने लागतील आणि चालण्यात फायदा काडीचा जास्त होणार नाही. तुमच्या वयात हा धोका मी उगाच घेणार नाही."

"ऐकलंस?" बुसारी म्हणाला. "मी काय वेगळं सांगत होतो?"

झालं! आता पहिल्या ऑपरेशनला हो म्हणणं म्हणजे बुसारीचा हुकूम मानणं. लासिसीनं नकाराची मान हलवली. सिदिकात रडकुंडीला आली. "तुमच्या हट्टापायी टेबलावरच काही झालं तर मी काय करू, बाबा? या भांडणात आम्ही सगळे जळालो. तुम्ही चालायला लागा, एवढंच मागतेय मी."

"सळया," लासिसी म्हणाला.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिचाही संयम संपला होता. "एक सांगू? सळया घातल्या तरी माणूस खुब्यातून वाकतो. जमिनीला हातसुद्धा लागतो. नमस्कार बंद पाडणारं ऑपरेशन जगात अजून निघालेलं नाही."

बुसारी खदाखदा हसला. त्याला खोकला लागेपर्यंत हसला. लासिसीला आयुष्यात या माणसाचा इतका राग कधीच आला नव्हता. सबब गेली, आता जे करायचं ते उघडपणे करायला हवं होतं.

"पहिलंच करा," तो डॉक्टरला म्हणाला. मग भावाकडं वळला. "आणि तू नीट ऐक. पाठ लवचिक होऊ दे. पाय मोकळे होऊ देत. मग रोज येऊन तुझ्या ओट्यासमोर उभा राहीन. वाकता येत असून वाकणार नाही. साऱ्या गल्लीला कळू दे की पाठीची अडचण नव्हती, माझी मर्जी नव्हती."

"निर्लज्ज!" बुसारीनं खुर्चीच्या दांडीवर हात आपटला. "असा ये तर खरा, कुत्रं सोडतो अंगावर!" पण जाता जाता त्यानं सिदिकातला दारात थांबवून विचारलं, रक्ताला किती पोरं पाठवू.

ऑपरेशन झालं. लासिसी आधी काठी घेऊन आणि मग काठीशिवाय चालू लागला. एका सकाळी तो ओट्यासमोर गेला आणि उभा राहिला. पाय गळाले नाहीत. मुंग्या आल्या नाहीत. छाती काढून, हनुवटी वर करून तो खांबासारखा उभा होता. बायकांच्या हातातला आमाल्याचा दांडा थांबला. बुसारीचा आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच हवेत राहिला आणि हळूहळू खुर्चीच्या दांडीवर आला.

"बघून घे," लासिसी म्हणाला.

"बघितलं. चिपाड दिसतोस. खायला घालत नाही वाटतं मुलगी?"

"तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय."

"जा, तोंड काळं कर!" बुसारी खेकसला. "आणि उद्या यायचं तर लवकर ये. या उन्हात शिव्या द्यायला मला दम पुरत नाही."

"तुझ्या सोयीनं यायला मी काय नोकर आहे?" लासिसी गुरगुरला आणि न थांबता, न वाकता थेट दुकानापर्यंत गेला. दिवसभर त्याची जीत त्याला पुरली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यानं ती सांगितली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आतच तो ओट्यासमोर हजर होता. बुसारीनं समोर दुसरी खुर्ची टाकून ठेवली होती. ती दिसल्यावर लासिसीच्या लक्षात आलं, की लवकर येऊन जन्मात पहिल्यांदा आपण याचं मुकाट ऐकलंय.