डाव्या बाजूची जवसाची उशी

मी बोलतेय, पण जरा हळूच. माझी जागाच अशी आहे की तिथून मोठ्यानं बोलायची सोय नाही. पोलक्याच्या आत, डाव्या बाजूला, काळजाच्या अगदी वर मी राहते. तळहाताएवढी, मऊ मांजरपाटाची उशी आहे मी. माझ्यावर कुणी डोकं टेकत नाही की मला कुणी अभ्रा चढवत नाही. पण ज्या काळजावर मी टेकलेय त्याचे ठोके मी ऐकलेत, आणि हे भाग्य पलंगावरच्या गुबगुबीत उशांना काही लाभलेलं नाही.

नागपुरात, लकडगंजात, वामनरावांची लाकडाची टाल आहे. पुढे टाल, मागे घर. दिवसभर आरा मशीन किंचाळत असते आणि घरातल्या भांड्यांवर सागाचा भुसा बसतो. त्या घरची शामला ही माझी मालकीण, वामनरावांची बायको. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरांनी सगळा स्तनच काढून टाकला, मग विजेचे शेक दिले. गाठ गेली, जीव वाचला. घरी आल्यावर शामला पोलकं घालायला उभी राहिली आणि आरशावर टॉवेल टाकून बसली.

माझा जन्म त्या टॉवेलाखालचा म्हणायला हरकत नाही.

तुम्हाला वाटेल, बाईला असलं काही शिवायचं सुचलं कसं? तर त्याचं असं आहे. आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. लोखंडी अडणीवर कापडाचं भरीव धड, त्यावर पितळी मुखवटा, मग साडी-चोळी आणि दागिने. हे धड भरणं आणि त्याला साडी नेसवणं यात शामलाचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. खांदा कुठं उतरवायचा, छाती कुठं भरायची, पदराची पिन कुठं टोचायची, सारं तिला पाठ. चिंध्या-कापसातून बाई उभी करायची कला तिला येतच होती. यंदा ती स्वतःवर चालवायची होती, एवढंच.

आधी तिनं मला कापसानं भरलं. विदर्भातली बाई, कापसाला काय तोटा! पण कापूस पडला हलका. शामलानं फळीवरचा डबा काढायला हात वर केला की मी थेट गळ्यापाशी. एकदा तर भाजीवाल्यासमोर मी काखेत जाऊन बसले आणि तिनं पाव किलोऐवजी दोन किलो वांगी घेऊन पळ काढला. तीन दिवस घरात वांगीच वांगी.

मग तिनं माहेरच्या शेतातलं जवस आणलं. माझ्यातला कापूस काढून जवस भरलं, एका तळहातावर मला तोललं आणि दुसऱ्या तळहातावर स्वतःची उजवी बाजू. थोडं काढलं, पुन्हा घातलं. दोन्ही हात सारखे झाले तेव्हा तिनं टाका घातला आणि दातानं दोरा तोडला. त्या क्षणापासून मी तिची झाले. जवस वजनाला बरोबर, अंगासरशी वळणारं, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलरहून गार. एकच खोड. भिजलं की त्याचा बुळबुळीत लगदा होतो. एकदा सवयीनं तिनं मला साबणाच्या बादलीत टाकलं आणि मी अशी काही फुगले, अशी काही ओघळले की बिचारी मोरीत बसून हसायचं की रडायचं ते ठरवीत राहिली. शेवटी रडलीच. दुसऱ्या दिवशी नवं जवस भरलं.

सगळं बरं चाललं होतं, असं मी म्हणणार नाही. तिनं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. लग्नकार्य टाळू लागली. बायकांची नजर आधी तोंडावर आणि मग हळूच खाली येते, हे तिला सोसत नसे. घरात तर त्या गोष्टीला नावच नव्हतं. वामनराव म्हणत ‘ते ऑपरेशन’, सासूबाई जिजाबाई म्हणत ‘तिकडची बाजू’. सगळे इतकं जपून बोलत की तिला दुखल्याशिवाय राहत नसे.

तशात नागपूरजवळच्या वाडीहून चारुलता आली. शेकाच्या रांगेत ओळख झालेली, शामलाहून लहान, बोलकी. तिच्यावरही तीच वेळ आली होती. तिनं मुंबईला जाऊन दुसरं ऑपरेशन करून घेतलं होतं. पाठीचं मांस आणि कातडं पुढं वळवून डॉक्टरांनी तिला नवा स्तन करून दिला होता. दार लावून तिनं शामलाला दाखवलं.

“हात लावून पाह्य ना ताई. गरम हाये!”

शामलानं हात लावला. मला काय वाटलं ते सांगू? जळफळाट झाला माझा. मी गार, तो गरम. मला रात्री खुंटीला टांगतात, तो तिच्या अंगाबरोबर निजतो. पण चारुलताचा चेहरा असा उजळला होता की तिचं वाईट चिंतणं मला जमलं नाही. तिला ते हवं होतं, तिनं ते केलं, आणि ती सुखी होती.

पुढल्या तपासणीला शामलानं डॉक्टरांना सहज विचारलं, “ते मुंबईचं ऑपरेशन कसं असते?” वामनराव शेजारीच बसले होते. झालं! त्यांनी मनाशी धरलं, हिला ते हवंय, लाजेनं बोलत नाही. त्यांनी चौकशा केल्या, मुंबईच्या डॉक्टरांची तारीख घेतली, रिझर्व्हेशन करून आणलं. महालक्ष्म्या उठल्या की निघायचं. शामलानं मनाशी धरलं, यांना माझ्याकडं बघवत नाही, तोंडानं म्हणत नाहीत एवढंच. तीही बॅग भरू लागली. दोघं एकमेकांसाठी तयारी करत होती. तिच्या काळजाची धडधड माझ्या अंगावर आदळत होती. तिला पुन्हा त्या टेबलावर झोपायचं नव्हतं. आणि असं आयुष्यभर लपत राहायचंही नव्हतं. तिला काय हवं, हे मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी ट्रंक उघडली आणि जिजाबाईंनी कपाळावर हात मारला. उंदरानं दोघींतल्या धाकटीचं, कनिष्ठेचं धड कुरतडलं होतं. छातीची उजवी बाजू पार पोकळ. गौरी म्हणजे गणपतीची आई. लेकाच्या वाहनानं आईवरच दात चालवले! मुहूर्त तोंडावर आलेला. शामलानं भोकाला ठिगळ लावलं, आत कापूस कोंबला. पण साडी पडली जरीची, वर ठुशी, पोहेहार, पुतळ्या. त्या भारानं कापूस बसला आणि पदर घसरला. चिंध्या भरल्या तर गाठी दिसू लागल्या.

“जवस पाह्यजे आत्याबाई,” शामला म्हणाली. “जवसाबिगर हे थांबत नाही.”

“जवसाची तं कालच चटणी कुटली वं आपण!” जिजाबाई म्हणाल्या.

घरात जवस उरलं होतं ते फक्त माझ्यात.

शामलाचा हात आपसूक पोलक्याकडं गेला आणि तिथंच थबकला. मी गारठले. जिजाबाईंचं सोवळं सबंध लकडगंजाला माहीत. देवीचं पाणी त्या स्वतः भरत, नैवेद्याच्या चुलीपाशी कुणाची सावली पडू देत नसत. आणि मी कोण, तर अंगावरची वस्तू, घामानं भिजलेली.

“काहून थांबली वं?”

“अंगावरचं हाये, आत्याबाई.”

जिजाबाईंनी सुनेकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांची नजर ‘तिकडच्या बाजूला’ सरळ जाऊन टेकली, आणि तिथून हलली नाही.

“तुह्या हातची पोळी खाऊन म्या देवीपुढं हात जोडले,” त्या म्हणाल्या. “तवा तुह्या अंगाचं ओवळं नव्हतं, अन् आता झालं? मरणाच्या दारातून तुले मांगून आणलं मी हिच्यापाशी. आण ते इकडं.”

शामलानं पाठ फिरवून मला काढलं. जिजाबाईंनी मला दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि स्वतःच्या हातानं देवीच्या चोळीत ठेवलं. मी डावीकडची, देवीला हवी उजवी, म्हणून मला फिरवून बसवलं. पदराची पिन टोचली. पदर जागचा हलला नाही!

दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य झाला आणि संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येऊ लागल्या. शामलाचा बेत होता की स्वयंपाकघरात लपून राहायचं. पण जिजाबाई विधवा, आणि त्या दिवसांत विधवेनं कुंकू लावायचं नाही. घरात सवाशीण एकटी शामला. तिला बाहेर यावंच लागलं.

आणि तेव्हा मी तिला पाहिलं. आजवर मी तिला फक्त आतून ओळखत होते, ठोक्यांवरून. रात्री खुंटीवरून दिसे ती अंधारात, निजलेली; समोरून असं उजेडात कधी पाहिलंच नव्हतं. देवीच्या छातीवरून मी बघत होते. उंच, सावळी, नाकात नथ. दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटलेला आणि कुंकवाचा करंडा छातीशी धरलेला. किती सुंदर होती ती! हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?

दोन-चार जणींना तिनं तशीच आखडून हळद लावली. पण एका हातात करंडा, दुसऱ्या हातानं कुंकू, मग ओटीला तांदूळ, मध्येच कुणाचं लेकरू पायात. पदर धरायला हात उरले कुठं? तो खांद्यावरून घसरला आणि तिच्या ध्यानातही आलं नाही. डावी बाजू सपाट, सगळ्यांसमोर. शेजारच्या अंजनाबाई आधी तिच्या तोंडाकडं बघत होत्या, मग त्यांची नजर हळूच खाली आली. अंजनाबाई गडबडल्या, नजर कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून त्यांनी ती घाईघाईनं देवीवर ठेवली.

“यंदा लक्ष्म्या लय भरल्या दिसून राहिल्या वं शामला!”

कोपऱ्यातून जिजाबाई म्हणाल्या, “दिसतीनच तं. माह्या सुनेनं भरल्या.”

शामला हसली. आधी ओठात, मग तोंडाला पदर लावून, मग तो पदरही सुटला आणि ती खाली बसून पोट धरून हसू लागली. जिजाबाईही हसू लागल्या. बाकीच्यांना काही कळलं नाही, पण हसू लागलं की कारण कोण विचारतं? ऑपरेशननंतर त्या घरात असं हसणं पहिल्यांदाच ऐकू आलं. टालीवरून वामनराव धावत आले, म्हणे काय झालं, काय झालं.

बायका गेल्यावर तिनं त्यांना देवीपुढंच बसवलं.

“एक इचारू? ते मुंबईचं तुमाले पाह्यजे का?”

“मले?” वामनराव चपापले. “मले वाटलं तुले पाह्यजे. तू डॉक्टरले इचारलं ना?”

“नुसतं इचारलं होतं! तुमी एकदम तारीखच घेऊन आले. मले वाटलं, तुमाले असं पाहवत नाही.”

वामनरावांनी मान खाली घातली. सागाचे ओंडके उचलणारा हा माणूस, बोलायचं म्हटलं की त्याचा ओंडका होई.

“मले पाहवत नाही ते तुह्यं लपणं,” ते शेवटी म्हणाले. “तारीख घेतली तवापासून, तुले पुन्हा त्या टेबलावर निजवतीन म्हणून, मी झोपलो नाही, बाई. पण तुले पाह्यजे असन तं जाऊ आपण. उद्या म्हणशीन तं उद्या.”

शामला रडत होती आणि हसतही होती. “मले आत्ता नाही पाह्यजे,” ती म्हणाली. “कधी वाटलं तं मी सोता सांगन. चारुलतेले पाह्यजे होतं, तिचं छान झालं. माह्यं मी पाहीन. मी सांगेपर्यंत कोणी तिकीट नाही काढाचं.”

“नाही काढत,” वामनराव म्हणाले, आणि पितळी मुखवट्यांपुढं त्यांनी तिचा हात धरला. जिजाबाई तोंड फिरवून समईत तेल घालत बसल्या. समई भरलेलीच होती.

आता माझी वस्ती अशी आहे. बाहेर जायचं असलं आणि तिच्या मनात असलं तर शामला मला घेते. नसलं तर मी खुंटीवर. घरात ती बहुतेक माझ्याशिवायच वावरते, आणि मला त्याचा राग येत नाही. माझं कापड विरत चाललंय, जवस दोनदा बदललं, पण टाके तिचेच आहेत. चारुलता अजून येते, दोघी दार लावून खिदळतात. कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही.

तुमच्या घरी कुणावर अशी वेळ आली तर माझं एक ऐका. तिच्यासाठी तुम्ही मनातल्या मनात काही ठरवू नका. तिला विचारा, आणि विचारून झालं की गप्प बसा. ती सांगेल, वेळ लागेल, पण सांगेल.

उंदरानं खाल्लेलं धड कधीच बदललं. नवीन धड शामलानं चांगलं भरगच्च शिवलंय, त्याला माझी काही गरज नाही. पण जिजाबाई ऐकतील तर शपथ! भाद्रपद आला, मुखवटे चिंचेनं घासून लख्ख झाले की म्हातारी ओट्यावरून सुनेला हाक मारते, “शामले, ते देवीचं आण वं!”

मग शामला मला खुंटीवरून काढते आणि म्हणते, “आणते आत्याबाई. वर्षभर म्याच वापरलं.”