दीपाताईंची हौसा

चौघंजण रविवारी राहुरीला येणार, असा ईमेल शुक्रवारी आला आणि उत्तमरावांच्या तोंडचं पाणीच पळालं. ते येणार होते दीपाताईंना भेटायला. आणि दीपाताई म्हणजे खुद्द उत्तमराव, वय त्रेपन्न, विद्यापीठाच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेतले शिपाई.

लबाडी करायची म्हणून केली नव्हती हो त्यांनी. त्यांची लेक दीपा विद्यापीठात शिकत होती, तेव्हा तिला ईमेलचं खातं मिळालं होतं. ती राहात्याच्या शाळेत नोकरीला लागली, खातं तसंच राहिलं. त्याच सुमारास दूरदर्शनवरची एक मालिका मध्येच बंद पडली. टपाल वाटणारी हौसा पुराच्या ओढ्याकाठी पिशवी छातीशी धरून उभी, आणि संपलं! ही काय रीत झाली? बायको गेल्यापासून एकटे असलेले उत्तमराव महिनाभर तळमळले. मग दीपानंच त्यांना दाखवलं, की पुण्या-नाशिकपासून मस्कतपर्यंतची चाळीस वेडी माणसं ईमेलवर जमून हौसाची पुढची गोष्ट आपापल्या मनानं लिहितात. मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत.

साहेब लोक जेवायला गेले की उत्तमराव कॉम्प्युटरच्या खोलीत बसायचे आणि लेकीच्या खात्यावरून एका बोटानं टकटक करायचे. पहिलाच भाग वाचून उत्तर आलं, 'दीपाताई, काय लिहिता हो!' जन्मभर 'ए उत्तम, पाणी आण' ऐकलेल्या माणसाला हे केवढं गोड लागलं असेल! मी ताई नाही, हे उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. फार मजेत गेली. त्यांच्या हौसानं ओढा ओलांडला, ती सायकल शिकली, सरपंचाला तिनं भर बाजारात सुनावलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की हौसाचा शेवट दीपाताईंनीच लिहायचा. आणि त्यांतलेच चौघं आता भेटायला निघाले होते.

आता खरं सांगायला काय हरकत होती? हरकत पुष्पावतींची होती. नाशिकच्या या बाईंनी दीपाताईंना बहीण मानून एकट्या त्यांनाच खाजगी पत्रं लिहिली होती. सासूचे टोमणे, दोनदा पोटातच गेलेलं मूल, नवऱ्याचं तोंड फिरवून झोपणं. ते सगळं एका परक्या पुरुषानं वाचलंय हे कळलं, तर त्या माउलीनं तोंड कुठं लपवावं? आणि त्या चौघांत पुष्पावतीही होत्या.

शनिवारी उत्तमराव राहात्याला लेकीकडे गेले आणि अक्षरशः हात जोडले.

"माझे आई, येकच दिस दीपाताई व्हय."

"बाबा, मी त्यातलं येक पानसुद्धा वाचलं न्हाई!"

"मी लिहून देतो. पाठ कर."

रविवारी सकाळीच दीपा राहुरीला आली, मागोमाग पाहुणे आले. पुष्पावतींनी दीपाला मिठीच मारली. "इतक्या लहान वयात इतकं कसं हो उमजतं तुम्हाला?" उत्तमराव स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले, तेव्हा सायकलच्या भागाची चर्चा रंगली होती. तो कसा सुचला, असं एकानं विचारलं. "असंच सुचलं," दीपानं पाठ केलेलं म्हणून टाकलं. उत्तमरावांचा जीव तुटला. चाळिसाव्या वर्षी, कुणी हसू नये म्हणून, गोदामाच्या मागं पडत-झडत ते स्वतः सायकल शिकले होते. हे एकदा तरी कुणाला सांगावं असं त्यांना किती वाटलं!

मग पुष्पावतींनी विचारलं, "ताई, आमची हौसा शेवटी सुखात राहील ना?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. दीपानं बापाच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मरते ती," ती म्हणाली. "पुरात."

"न्हाई!" उत्तमराव ओरडले. कपबश्या खडखडल्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"काका, तुम्हीपण वाचता?" पुष्पावतींनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सांगायचं तर हीच वेळ होती, आणि उत्तमरावांना त्या पाण्याकडे बघवेना.

"लेक लिहिती," ते म्हणाले. "मी नुस्तं ऐकतो."

पाहुणे गेल्यावर दीपानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "संपवून टाकलं, बाबा. आता रोजचा धाक न्हाई. सुटलात तुमी."

"सुटलो?" उत्तमराव उष्ट्या कपबश्या गोळा करायला लागले. "आगं पोरी, तेवढंच तर हुतं माझ्याकडं."

तिनं मायेनंच केलं होतं, तिच्यावर रागवायचं तरी कसं? सोमवारी त्यांनी ईमेल उघडले, तर चौघांनी बाकीच्यांना केव्हाच कळवलं होतं. मस्कतच्या एकाला जेवण गेलं नव्हतं. 'लिहा ताई, आम्ही मन घट्ट केलंय,' असं सगळ्यांचं म्हणणं. आता हौसा जगते म्हणावं, तर पुष्पावतींसमोर दीपा खोटी पडणार, आणि मग सगळंच उघडं होणार.

चार दिवसांच्या चार जेवणाच्या सुट्ट्यांत उत्तमरावांनी हौसाला बुडवलं. पिशवी तेवढी त्यांनी वर राहू दिली. रडताना बोटाला अक्षरं सापडेनात. भाग पाठवून ते प्रयोगशाळेत कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी पुष्पावतींचं पत्र होतं. 'ताई, रागावू नका. भेटून आले म्हणून हक्कानं विचारते. हा भाग तुमच्या हातचा वाटत नाही. दुसऱ्या कुणी लिहिला का?'

उत्तमरावांनी ते तीनदा वाचलं. मग एका बोटानं उत्तर लिहिलं, 'मीच लिहिलाय.' थोडा वेळ त्याकडे बघत बसले, आणि खाली सही केली, 'दीपा'.