हळदीची खूण

कुशाबाई अठरा वर्षं पाटावर उभी राहून भाकऱ्या थापत होती. स्वयंपाकघरातला ओटा गवंड्याने स्वतःच्या उंचीने बांधला आणि कुशाबाई त्या गवंड्याच्या खांद्यालाही पुरत नव्हती. तिच्या नवऱ्याने, भैरू आप्पाने, तेव्हा तिला एक सागवानी पाट करून दिला. त्यावर आता तिच्या दोन पावलांचे दोन खळगे पडले होते.

पण सून पूनमने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि सगळं बिघडलं. स्वयंपाकघराच्या मधोमध लाकडी ओटा, चारी बाजूंनी मोकळा.

"मामा, याला आयलंड म्हणत्यात. शेगडी, परात, भाजी, समदं यावरच."

भैरू आप्पाने मोबाइल नाकाजवळ धरला, मग हात लांब करून बघितला. "चार पाय आन् वर फळी. एवढंच व्हय? मी करतो."

"आत्या, मग तुम्ही निवांत बसून खायचं," पूनम मायेने म्हणाली. "समदं मी बघते."

'बसून खा' असं आजवर कुशाबाईच्या देखत दोघांनाच सांगितलं गेलं होतं, थकलेल्या बैलाला आणि चुलत सासूला. पुढे दोघंही फार दिवस टिकली नव्हती.

बांधावर पडलेली बाभूळ दोन वर्षं वाळत होती. पप्पूने, म्हणजे पूनमच्या नवऱ्याने, ती शिरूरच्या वखारीत नेऊन फळ्या पाडून आणल्या. लिंबाखाली रंधा चालू झाला. भैरू आप्पाला टेपवरचे आकडे दिसत नव्हते आणि चष्मा तो लावत नव्हता. त्याचं माप म्हणजे त्याची काठी. याच काठीने त्याच्या बापाने मेंढरांची वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावताना मेखांमधलं अंतर मोजलं होतं आणि याच काठीने भैरू आप्पाने घराचा पाया आखला होता.

तिसऱ्या दिवशी कुशाबाई बाहेर आली तर तिचा पाट ओट्याच्या खालच्या कप्प्यात स्क्रूने बसवलेला.

"आवं, माझा पाट!"

"फळी कमी पडली. आन् आता तुला पाट कशाला लागतोय? तुला तर बसून खायचंय."

कुशाबाई गप्प बसली की घरात काहीतरी घडतं, हे भैरू आप्पाला चाळीस वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी घेऊन दारात घुटमळला. ओटा पूनमच्या उंचीचा हवा होता, पण सुनेच्या कमरेजवळ काठी घेऊन सासरा कसा जाणार? त्याने काठी बायकोकडे दिली. "सूनबाईला ताठ उभी कर, हात कोपरात दुमडायला लाव. कोपराखाली चार बोटं सोडून हळदीची खूण कर."

पूनम तेव्हा रांजणगावच्या कंपनीच्या गाडीसाठी चप्पल शोधत पळत होती. कुशाबाईने तिला पळू दिलं. मग ती एकटी ताठ उभी राहिली, हात दुमडला, चार बोटं सोडली आणि काठीला चांगली ठसठशीत हळद फासली.

"झालं?" बाहेरून आवाज आला.

"झालं की. एकदम बरोब्बर!"

लांब ठेवलेले पाय खुणेवर कापताना भैरू आप्पाला एकदा शंका आली. "लई बुटकं वाटतंय गं."

"आभाळाखाली समदंच बुटकं वाटतं. आत नेल्यावर बघा."

हे त्याला पटलं. मग त्याने कडा घासल्या, शेगडीखाली कडप्प्याचा तुकडा बसवला आणि जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. ओटा असा चकाकला की शेजारची साखरबाई बघायला आली आणि फळीवर हात फिरवत म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्याला धड खुंटी ठोकता येत न्हाई." भैरू आप्पा दिवसभर छाती काढून हिंडला.

संध्याकाळी पप्पूने आणि त्याने ओटा आत आणला. पूनम कामावरून आली, पर्स टाकून ओट्यापाशी उभी राहिली, आणि परातीकडे हात नेताना कमरेत वाकली. चांगली वीतभर वाकली.

"मामा, ह्यो कुणाच्या मापाचा?"

"तुझ्याच! काठी आण रं, पप्पू."

काठी आली. पूनम काठीशेजारी उभी राहिली. हळद तिच्या कमरेखाली.

"आत्यांनी माप घेतलं कवा?"

सगळ्यांनी कुशाबाईकडे बघितलं. कुशाबाईने पदर सारखा केला. "ही वाढली असंल. कंपनीतलं जेवण मानवलंय हिला."

"आठ दिवसांत वीतभर?" पप्पू हसायला लागला, पण बापाचं तोंड बघून थांबला.

भैरू आप्पा लाल झाला होता. बापाच्या काठीला खोटं पाडलं होतं! तो तरातरा बाहेर गेला आणि दोन हातांत दोन विटा घेऊन आला. "चार पायांखाली चार विटा. झालं काम. आणखी दोन आणतो."

कुशाबाईने कप्प्यातल्या पाटाकडे बघितलं. स्क्रू पक्के बसले होते. आता ना पाट, ना ओटा. तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली.

पूनमने ते हात बघितले. मग म्हणाली, "ठेवा की विटा, मामा. आजपासनं भाकऱ्या मीच करते."

भैरू आप्पा जागच्या जागी थांबला. मागच्या महिन्यात कुशाबाई दौंडला माहेरी गेली, तेव्हा चार दिवस त्याने सुनेच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. पाचव्या दिवशी पहिल्या एसटीने दौंड गाठून तो बायकोला घेऊन आला होता, तिच्या भावाला धड रामराम न घालता.

त्याने हातातल्या विटा उलटसुलट करून बघितल्या.

"या विटा वल्या हायत," तो म्हणाला. "लाकूड फुगंल."

"मामा, वैशाख चालू हाय."

"आतून वल्या हायत. तुला कळत न्हाई त्यातलं." आणि तो विटा घेऊन जसा आला तसा बाहेर गेला.

पूनमने खुर्ची ओढली, पाय पसरले आणि बसल्या बसल्या कांदा चिरायला घेतला. ओटा तिला बसून नेमका बेताचा होता. "आठ तास उभी असते मी तिकडं," ती म्हणाली. "हितं कशाला उभी राहू?"

कुशाबाईने परात पुढे ओढली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिचे पाय फरशीला टेकले होते आणि हाताखाली भाकरी गोल फिरत होती.

"आत्या," पूनम खाली मान घालून म्हणाली, "डाळीत हळद जरा जास्त टाका. का समदी काठीलाच संपवली?"

"थोडी उरलीय," कुशाबाई म्हणाली.