विहिरीतलं रान

तेल चोळून झालं, लाकूड उन्हात पापडांशेजारी ठेवलं, तेव्हा कमळीला वाटलं होतं, आता कसं पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखं दिसतंय! संध्याकाळी बघते तर काय, आडव्याउभ्या भेगा. नुसता हात लावला तरी काळे छिलके निघायला लागले. "अगं बाय माझे!" म्हणून ती ओट्यावरच बसली.

ही भानगड काय, ते सांगायला हवं. साल दोन हजार तीन, महिना मे. कमळीचा नवरा हरेश्वर जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्याही बावीस वर्षं आधी, अशाच एका उन्हाळ्यात, त्याने खाडीकाठच्या वाडीतली विहीर खोल करायला घेतली. गडीमाणसं लावायची ऐपत नव्हती, म्हणून तो खाली खणायचा आणि कमळी वरून घमेली ओढायची. शिंपल्यांनी भरलेला करडा चिखल संपला आणि त्याखाली निघाला एक काळा बुंधा. हरेश्वरने करवतीने त्याचा हातभर तुकडा काढला. त्याच दुपारी झरा फुटला आणि बुंधा पाण्याखाली गेला.

मग काय, हा बाबा गावभर सांगत सुटला, "खाली रान हाय. बुंधा मुळं रोवून उभा हाय, मी डोल्यांनी बघलाय." लोक कशाला ऐकतात? म्हणाले, खाडीच्या पुरात वाहून आलेला ओंडका असेल. हरेश्वरचं नाव पडलं 'वनमाळी'. तो नाक्यावर दिसला की कोणीतरी विचारायचंच, "काय वनमाळी, आज किती झाडं तोडली?" आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने हसायची ती कमळीच. चार बायकांत नवऱ्याची नक्कल करून दाखवायची. तो तुकडा त्याने विहिरीजवळच्या दगडी डोणीत बुडवून ठेवला होता आणि बायकोला बजावलं होतं, "ह्याला पान्यातून काढू नको." का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कमळी कुरकुर करत डोण भरत राहिली. तो गेल्यावरही भरत राहिली, फक्त कुरकुर बंद झाली.

मुलगा अल्पेश मुंबईच्या एका कॉलेजात कारकून. तिथे वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या उन्नती मॅडमना त्याने सहज ही गोष्ट सांगितली, तर त्या म्हणाल्या, रविवारी येते. झालं! कमळीची धांदल उडाली. एवढी शिकलेली बाई येणार आणि तिच्या हातात बुळबुळीत, शेवाळलेलं लाकूड ठेवायचं? शोभतं का? म्हणून तिने ते बाहेर काढलं, काथ्याने घासलं, वर करंजाचं तेल चोळलं.

मॅडमनी लाकूड पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बाई भली होती, रागावली नाही. "मावशी, हजारो वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड असं एकदम वाळवलं की फुटतं. आणि तेल भेगांतून आत मुरलंय, आता ह्याचं वय काढता येणार नाही."

"मंग वायाच गेलं म्हना की," कमळी म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सगळं नाही." मॅडमनी पात्याने एक टोक तासलं आणि डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे खाजणातलं, खाऱ्या चिखलात वाढणारं तिवर नाही. मला खैर वाटतो. खैराला कोरडी जमीन लागते. म्हणजे हे झाड वाढलं तेव्हा समुद्र इथून लांब होता. मग तो पुढे सरकला आणि सगळ्यावर चिखल बसला." त्यांनी भिंग कमळीच्या हातात दिलं. "ह्या रेघा बघा. रुंद आहेत ती चांगल्या पावसाची वर्षं असावीत. आणि इथे सात-आठ अगदी दाटीने आल्यात ना, तेव्हा पाऊस कमी पडला असणार."

"लागोपाठ सात वर्सं?" कमळीला त्या झाडाचीच कणव आली. "बिचारं! जगलं कसं?" मग तिने मनातलं विचारलं. "पन ते इथलंच ना? का वाहून आलेलं?"

"ते तुकड्यावरून नाही सांगता येत. बुंधा मुळांवर उभा दिसला तरच."

"मंग हीर उपसू."

अल्पेश उडालाच. "आय, येडी का काय तू? टँकरवाल्यांनी उपसून उपसून आजूबाजूच्या सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्यात. आपलीच एक गोड राहिलीय. ऐन मेमध्ये तळाला हात घातलास तर खाडी आत येईल." मॅडमही नको म्हणाल्या, पावसाळ्यानंतर बघू म्हणाल्या.

पण कमळी हट्टाला पेटली होती. "तुझा बाप बावीस वर्सं आयकत होता," ती म्हणाली. "मी पन हसले त्याला. आता पान्याचा विचार करू का त्याचा करू?" एवढं बोलून तिने पदराने तोंड पुसलं आणि ती ढसाढसा रडली.

पुढच्या रविवारी अल्पेशनेच डिझेलचा पंप आणला. दुपारी दोनला तळ लागला. मॅडम शिडीने खाली उतरल्या, चिखल हाताने बाजूला करत राहिल्या. आळीतली माणसं काठावर जमली होती, त्यांत वनमाळी म्हणणारेही होते. खालून मॅडमचा आवाज आला, "मावशी, मुळं आहेत! चारी बाजूंनी लाल मातीत गेलीयत. झाड इथेच उगवलंय आणि इथेच मेलंय."

काठावर कोणी हसलं नाही. मॅडम ओल्या फडक्यात नमुना गुंडाळून वर आल्या आणि कमळीने पदर खोचला. वय बासष्ट, गुडघे दुखतात, पण ऐकेल तर शपथ! अल्पेशने निदान तिच्या कमरेला दोर तरी बांधला.

खाली गार होतं. बुंधा तिच्या कमरेएवढा जाड, वर करवतीने सरळ कापलेला. भिंतीतून पाणी परत झिरपत होतं. तिने ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ. तिने ते थुंकलं नाही, गिळलं, आणि बुंध्यावर बसली.

"आय, पाणी भरतंय, वर ये!" अल्पेश ओरडला.

"येते रे, दम धर जरा. तुझ्या बापाशी बोलत्ये."

त्या कापलेल्या जागेवर हात ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "खरं बोललात हो तुम्ही. त्या दिवशी इथून हाक मारलीत, कमळे, खाली ये, बघ तरी. मी म्हटलं, मला भात टाकायचाय. भात काय, घटकाभर उशिरा टाकला असता तरी चाललं असतं."