जावाच्या पगारांचा फलक

बालाजीरावांच्या थोरल्या लेकीचं, भव्याचं, लग्न झालं त्या २००१ सालची ही गोष्ट. मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. अंबत्तूरच्या सुताराने मला घडवलं, हिरवं कापड ताणून बसवलं. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या दारात मी लागलो.

क्लासचे मालक वादिराज सर. त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण माझ्यावर टाचलं. टाचण्याआधी वरची बारीक पट्टी कात्रीने कापून टाकली. जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकलेल्यांना चेन्नईत, बंगळुरात, हैदराबादेत किती मागणी आणि सुरुवातीला किती पगार, याचा तो तक्ता होता. लोक थांबून वाचत. सर रोज स्वतः माझी धूळ पुसत. मी सुखावून जाई. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं.

एक दिवस रेल्वेतून निवृत्त झालेले बालाजीराव धाकट्या हेमावतीला घेऊन आले. तिला तंजावरच्या शाळेत कायमची नोकरी मिळाली होती. आठवड्यात हजर व्हायचं होतं.

"चेन्नईची ओळ बघ, कण्णा, बाळा. अठरा हजार. भव्या तर सासरी गेली, आता तू कशाला तंजावरला जातीस?"

"अप्पा, शाळेची ऑर्डर हातात आहे. हा नुसता बोर्ड."

"एग्मोर स्टेशनात चौतीस वर्षं मी बोर्डावर चार्ट लावले. ते खोटे असते तर लोक गाडीत कुठे बसले असते?"

ती हसली. "सेरी, बरं अप्पा," म्हणाली. शाळेला नकार कळवला आणि क्लासला नाव घातलं.

येणारेजाणारे मोठ्याने वाचत. ते ऐकून मी एकेक अक्षर जुळवू लागलो. कात्रणाची मागची बाजू माझ्या अंगाला चिकटलेली होती. ती वाचता आली तोवर हेमावतीचा कोर्स संपत आला होता. तिथे पोंगलच्या साड्यांची जाहिरात होती, जानेवारी २००० ची. मधल्या काळात परदेशची कामं आटली होती. चेन्नईतल्या कंपन्या नवख्यांना दारातूनच परत पाठवत होत्या. सरांना हे ठाऊक होतं, म्हणूनच तारखेची ती पट्टी त्यांनी कापली होती. ज्या हाताने ते मला पुसत, त्याच हाताने त्यांनी माझ्याकडून खोटं वदवलं.

सहा महिने नोकरीसाठी वणवण करून बापलेक परत आले. हेमावतीने टाचण्या उपटल्या, कात्रण उलटं केलं आणि अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मीच तुला थांबवलं," ते म्हणाले.

तंजावरची जागा भरली होती.

मित्रांनो, फलकावर काही लावाल तर तारखेसकट लावा. आम्हाला बोलता येत नाही. वाचणारा मात्र आमच्यावर विसंबतो.

२००५ साली हेमावती सर्टिफिकेट न्यायला आली. तिला जावाची नोकरी लागली होती, चेन्नईतच. कारकुनाने वडिलांची चौकशी केली, तेव्हा तिने तारखेसकट सांगितलं. बालाजीराव ११ मार्च २००३ रोजी वारले.